एक्सफॅट ड्रायव्हरची आवृत्ती काढण्यापूर्वी

एक्सफॅट ही मेमरी कार्डांवर फाइली साठवण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत. तिचा लिनक्ससाठीचा मुक्तस्रोत ड्रायव्हर सांभाळणाऱ्याने नवी आवृत्ती काढण्यापूर्वी काय काय उरकावे, ते येथे नोंदवतो. मागच्या आवृत्तीच्या वेळी वीज तोडून करायची चाचणी राहून गेली होती, त्यामुळे तिचा उल्लेख वारंवार आला तर तो हेतुपुरस्सर आहे, असे समजावे.

कंपाइल करणे ओघाने आलेच. मात्र स्वतःच्या संगणकावरील एकाच कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) विसंबू नये. कर्नलची अंतर्गत फंक्शन्स बदलत राहतात (६.६ मध्ये आयनोडच्या, म्हणजे फाइलच्या अंतर्गत नोंदीच्या, वेळा हाताळण्याची पद्धतच बदलली), म्हणून निदान ५.१५, ६.१ आणि ६.१२ या दीर्घकालीन शाखांवर तरी पाहावे. त्यानंतर एक्सएफएसटेस्ट्स हा फाइल प्रणालींच्या चाचण्यांचा संच चालवावा. त्यातील स्क्रॅच म्हणून दिलेले विभाजन पुसले जाते, तेव्हा नाव दोनदा वाचावे. एक्सफॅटमध्ये हार्डलिंक (एकाच फाइलला अनेक नावे) नाहीत, त्यामुळे बऱ्याच चाचण्या वगळल्या जातात. वगळलेली चाचणी ही उत्तीर्ण चाचणी नव्हे.

आता वीज. एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे बदल करण्यापूर्वी त्यांची नोंद ठेवणारी वही, नाही. त्यामुळे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुल्या केलेल्या तपशिलात सुचवलेला लेखनाचा क्रम हाच खरा आधार: आधी लेखन चालू असल्याची ‘अस्वच्छ’ खूण, मग फॅट (फाइलचे तुकडे जोडणारा तक्ता), मग बिटमॅप (व्यापलेल्या जागेचा नकाशा), त्यानंतर डिरेक्टरीतील नोंद आणि शेवटी खूण काढणे, फाइल पुसताना मात्र नोंद आधी जाते. हा क्रम कोडमध्ये बरोबर दिसतो, म्हणून तो कार्डावरही तसाच उतरतो, असे मानू नये. आभासी यंत्र मारून केलेली चाचणी तर येथे कुचकामी आहे, कारण यंत्र मेले तरी यजमान संगणकाच्या कॅशमधील लेखन सुखरूप डिस्कवर पोहोचते आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. वळवाच्या पावसात नाशिकची वीज जाते तेव्हाही घरचा इन्व्हर्टर हाच भास निर्माण करतो. गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्नाचे चित्रण करणाऱ्यांकडे ६४ जीबीची कार्डे असतात, ती मुळातच एक्सफॅटमध्ये येतात आणि कॉपी चालू असताना ओढून काढली जातात. म्हणून डीएम-लॉग-राइट्स (प्रत्येक लेखनाची क्रमवार नोंद ठेवणारे लिनक्सचे साधन) वापरून प्रत्येक फ्लशपाशी, म्हणजे कॅशमधील लेखन डिस्कवर पक्के होते तेथे, डिस्कची प्रतिमा तपासावी आणि शिवाय लेखन चालू असताना कार्ड खरोखर उपसावे, एकदा नव्हे, पुनःपुन्हा, आणि दर वेळी एफएससीके हे फाइल प्रणाली तपासणारे साधन चालवावे.

नावे तपासताना ‘वाऱ्यावर’ हा शब्द घ्यावा. त्यातील ऱ एका संकेतांकानेही लिहिता येतो आणि र व नुक्ता मिळूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसले तरी ड्रायव्हरने ती दोन वेगळी नावे म्हणूनच जपावीत. नावाची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ (अक्षरे साठवण्याची एक संकेतपद्धत) एककांची आहे आणि देवनागरीत त्याचे यूटीएफ-८ मध्ये ७६५ बाइट होतात, तेव्हा बफर मोजून घ्यावा. यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचे अंतर पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत साठवले जाते; भारतासाठी ते २२ यायला हवे. पूर्ण तासांत हिशेब करणारा कोड अर्ध्या तासाने चुकतो.

आवृत्ती क्रमांक, बदलांची नोंद, सही केलेला टॅग: नेहमीचेच. शेवटच्या क्षणी एका ओळीची दुरुस्ती घेतली, तर टॅग थांबवावा आणि कार्ड पुन्हा उपसावे.