ड्रॅक्युला पाहून झाल्यावर: प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया टिपायच्या कशा

‘पुस्तकात असं नाहीच मुळी!’ ड्रॅक्युलाची मालिका दहाजणांनी मिळून पाहिली की हे वाक्य एकदा तरी येतंच. म्हणणाऱ्यानं बऱ्याचदा पुस्तक उघडलेलंही नसतं. त्याच्या डोक्यातला ड्रॅक्युला कुठल्यातरी जुन्या सिनेमातून आलेला असतो. म्हणून ‘आवडलं का?’ हे विचारण्याआधी ‘कशाशी ताडून बघताय?’ हे विचारावं लागतं. खालची सगळी खटपट त्या एका प्रश्नासाठी आहे. वाचनालयाचं मंडळ असो, कॉलेजातला वर्ग असो की गोव्यात फोंड्यातली घरगुती बैठक, रीत तीच.

मालिका कुठली घ्यायची

ब्रॅम स्टोकरची रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलावरची मूळ कादंबरी १८९७ ची, २७ प्रकरणांची. सगळी रोजनिश्या, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्री कात्रणांतून सांगितलेली. पडद्यावर आणताना पहिली तारांबळ इथेच उडते: पत्र वाचणारा माणूस किती वेळ दाखवणार?

बीबीसीची १९७७ ची ‘काउंट ड्रॅक्युला’ सुमारे अडीच तासांची आहे आणि कादंबरीला बरीच धरून चालते. काउंट झालेला लुई जूर्दां त्यात भिंतीवरून डोकं खाली करून उतरतो, अगदी पुस्तकातल्यासारखा. तरी पुस्तकातल्या मैत्रिणी मीना आणि लूसी तिथे सख्ख्या बहिणी केल्या आहेत, आणि आर्थर व क्विन्सी या दोन पात्रांचं मिळून एक. बीबीसी आणि नेटफ्लिक्सची २०२० ची मालिका मात्र वेगळ्याच वाटेनं जाते. मार्क गॅटिस आणि स्टीव्हन मॉफट यांची ही तीन भागांची मालिका, प्रत्येक भाग साधारण ९० मिनिटांचा. ब्रिटनमध्ये १ ते ३ जानेवारीला लागोपाठ तीन रात्री दाखवली गेली. कादंबरीत जिच्या नावावर एक पत्र आहे ती बुडापेस्टची सिस्टर अगाथा इथे जवळजवळ नायिका होते. काउंटला इंग्लंडला आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाची नोंदवही पुस्तकात काही पानांत उरकते, तिचा इथे आख्खा दुसरा भाग होतो. आणि त्याच्या शेवटी काउंट १२३ वर्षांनी इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्यावर पाण्यातून चालत येतो तेव्हा डोक्यावर हेलिकॉप्टर असतं.

प्रतिक्रिया हव्या असतील तर हीच घ्या. १९७७ ची मालिका पाहून लोक ‘छान आहे’ म्हणून चहाकडे वळतात. २०२० वाली पाहून भांडतात.

एक अडचण आधीच सांगितलेली बरी. नेटफ्लिक्ससारख्या सेवांचं खातं वैयक्तिक वापरासाठी असतं. घरी चार मित्र बोलावणं वेगळं आणि सभागृहात फलक लावून दाखवणं वेगळं. दुसऱ्याला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. आपल्या कायद्यात चित्रपट-मालिकांचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे १९७७ चीसुद्धा अजून मोकळी नाही. मोकळी आहे ती मूळ कादंबरी, कारण स्टोकर १९१२ मध्ये वारला. सभागृहच हवं असेल तर दोन प्रकरणांचं स्वतः केलेलं मराठी अभिवाचन ठेवा आणि मालिका ज्यानं त्यानं घरी पाहून यावी.

दिवस, वेळ, माणसं

आठ ते बारा माणसं पुरेत. पंधराच्या वर गेलात की मागचे दोघं कुजबुजतात आणि त्यांचं मत चिठ्ठीवर न येता शेजाऱ्याच्या कानात जातं. पुस्तक वाचलेले दोन-तीनच असू द्या.

तिन्ही भाग एका दिवसात संपवू नका. तिसऱ्या भागावरचा राग पहिल्या दोन भागांवरही पसरतो, आणि आठवड्यापूर्वी ज्यानं पहिल्याला डोक्यावर घेतलं असतं तो सगळ्यालाच ‘फसवणूक’ म्हणून मोकळा होतो. तीन रविवार घ्या. चवथ (गणेश चतुर्थी) आणि शिगमो (शिमगा) टाळा, गावच्या जत्रेचा आठवडाही टाळा. उत्सवातलं नाटक सोडून ड्रॅक्युलाला कोण येणार? पावसाळ्यात करायचं तर राउटरला आणि टीव्हीला इन्व्हर्टर जोडलाय का, ते आधी तपासा. ऐन भीतीच्या जागी वीज गेली की सगळे हसतात, आणि मग त्या प्रसंगाबद्दल काहीही विचारलं तरी उत्तर त्या हसण्याचंच येतं.

साडेपाचला सुरुवात, सातला भाग संपेल. दहा मिनिटं लिहायला, पंधरा चहाला, चाळीस बोलायला. आठ-सव्वाआठला मोकळे. यापेक्षा उशीर केलात तर शेवटच्या बसची चिंता लागलेला माणूस सातपासूनच घड्याळ बघतो आणि चिठ्ठीवर ‘लांबलं’ असं लिहितो. लांबलेली मालिका नसते.

खाणं भाग संपल्यावरच. पहिल्या भागात एक माशी माणसाच्या डोळ्यावरून चालत आत शिरते. त्या वेळी हातात पातळ भाजी आणि पाव असलेला माणूस पुढचा अर्धा तास गेला म्हणून समजा. याच भागात लांडग्याच्या कातड्यातून काउंट उघडानागडा, रक्तानं माखलेला बाहेर येतो. घरातली पोरं आणि आजी यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर खोलीतला अवघडलेपणा प्रतिक्रियांत उतरतो.

चिठ्ठी

प्रत्येकाला भागामागे दोन चिठ्ठ्या, अे-फोर कागदाचे चार तुकडे करून. बाराजण, तीन भाग म्हणजे ७२ चिठ्ठ्या, १८ कागद. नाव नको, क्रमांक द्या, आणि तोच क्रमांक तिन्ही रविवारी. नाहीतर कुणाचं मत कुठे फिरलं ते कळत नाही, आणि तेच तर पाहायचं असतं.

पहिली चिठ्ठी भाग सुरू होण्याआधी भरायची. तिच्यावर एकच प्रश्न: ‘ड्रॅक्युला म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं? तीन गोष्टी लिहा.’ उंच कॉलरचा काळा झगा, सुळे, उन्हात राख होणं, वटवाघूळ असं काहीबाही येतं. ही चिठ्ठी गोळा करून बाजूला ठेवा, वाचून दाखवू नका.

दुसरी भाग संपताक्षणी, दिवे लावून, कुणीही तोंड उघडण्याआधी. प्रश्न तीन. कुठल्या प्रसंगी मोबाइल हातात घ्यावासा वाटला? काय खटकलं? जे खटकलं ते कशाशी ताडून: पुस्तक, आधीचा सिनेमा, ऐकीव, की कशाशीच नाही?

मोबाइलचा प्रश्न विनोदी वाटतो, पण सगळ्यात खरं उत्तर त्यालाच मिळतं. ‘कंटाळा आला का?’ असं विचारलं की यजमानाच्या तोंडाकडे बघून लोक ‘नाही नाही’ म्हणतात.

गुण मागितलेत तर सरासरी काढू नका. समजा सहाजणांनी दहापैकी नऊ दिले आणि सहाजणांनी तीन. सरासरी सहा येते, जी एकानंही दिलेली नाही. तिसऱ्या भागाबाबत नेमका असाच दुभंग पडतो. काहींना मधे येणारा मोबाइल आणि टॅब्लेटवाला काउंट झकास वाटतो, काहींना तिथेच सगळं संपलेलं असतं. गुण उतरत्या क्रमानं नुसते लिहून काढा, दरी आपोआप दिसते.

एक शब्द गोव्यात चालत नाही

चिठ्ठीवरच्या प्रश्नात ‘वेताळ’ लिहू नका. मराठीत व्हॅम्पायरला वेताळ म्हणायची खोड जुनी आहे, आणि तिला एक परदेशी कारणही आहे: रिचर्ड बर्टननं वेताळपंचविशीच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या तेव्हा १८७० मध्ये पुस्तकाच्या नावातच वेताळाचा व्हॅम्पायर करून टाकला. (हाच बर्टन त्याआधी गोव्यात येऊन गेला होता आणि १८५१ मध्ये त्यावर पुस्तक लिहून बसला होता.) पण आमोण्याला बेताळ हा देव आहे, लोलयेला त्याची उभी दगडी मूर्ती आहे. ज्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतात त्याच्या नावानं रक्तपिपासू सरदार दाखवलात तर प्रतिक्रिया मालिकेवर येणारच नाही, तुमच्यावर येईल. देवचारही नको. देवचार गावच्या सीमेची राखण करतो, त्याला रोट ठेवतात. काउंट दुसऱ्याच्या गावात घुसायला जागा विकत घेतो. सरळ ‘ड्रॅक्युला’ लिहा, फार तर ‘रक्तपिशाच्च’.

उंबरठ्याचा प्रसंग

एका प्रसंगावर सगळ्यांकडून जरा सविस्तर लिहून घ्या. पहिल्या भागात काउंट मठाच्या फाटकाबाहेर उभा आहे, आत हातात खुंट घेतलेल्या नन आहेत, आणि अगाथा त्याला खिजवतेय, कारण बोलावल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही. इथे थांबवून दोन मिनिटं लिहायला द्या. संपूर्ण संध्याकाळीत थांबवायची जागा ही एकच.

प्रश्न असा ठेवा: ‘त्याला बोलावणं का लागतं, असं तुम्हाला वाटतं?’ उंबरठ्याला हळद-कुंकू लावणाऱ्या घरातल्या माणसाला हा नियम पटवून द्यावा लागत नाही. वाड्यावाड्यावर खुरीस (क्रूस) पाहत मोठा झालेला माणूस याच प्रसंगात पाहतो ते अगाथाचा खुरीस आणि काउंटची त्याच्याशी वागणूक. दोघं एकच चित्र पाहून वेगळी उत्तरं लिहितात. ती उत्तरं मिसळू नका, शेजारी शेजारी ठेवा. मग पुस्तकाचं १८ वं प्रकरण उघडा. नियम तिथे काउंटच्या मागावर असलेल्या प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगच्या तोंडी आहे: घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा बोलावलं पाहिजे, त्यानंतर तो हवा तेव्हा येऊ शकतो. हा दुसरा अर्धा भाग बहुतेकांना ठाऊक नसतो, आणि भीती खरं तर तिथेच आहे.

मालिका शेवटी या नियमांचं जे कारण देते ते इथे उघड करू नका. तिसऱ्या रविवारी त्याच क्रमांकाच्या माणसाला त्याचंच उत्तर परत वाचायला द्या आणि विचारा, ‘आता पटलं?’

बोलायची पाळी

पुस्तक न वाचलेल्यांनी आधी बोलायचं, वाचलेल्यांनी शेवटी. याला अपवाद करू नका, मास्तर असले तरी. वाचलेला माणूस एकदा ‘मुळात कसं आहे की…’ म्हणून सुरू झाला की बाकीचे गप्प होतात आणि नंतर त्याचीच री ओढतात.

‘बकवास’, ‘मस्त’, ‘ठीक’ हे शब्द तसेच घेऊ नका. ‘कुठल्या मिनिटाला?’ एवढंच विचारा. ‘जहाजावर सगळेच मरणार हे माहीत होतं, मग दीड तास कशाला?’ हे उत्तर निघालं की ते टिपण्याजोगं. तिथे वाद घालत बसू नका. तुमचं काम लिहून घेण्याचं.

तक्रार पुस्तकाशी पडताळणं

चहा झाला की ‘पुस्तक’ या खुणेच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा आणि कादंबरी जवळ घ्या. नेहमी येणाऱ्या चारपाच तक्रारींचा निकाल असा लागतो.

‘उन्हात जळून मेला पाहिजे.’ कादंबरीत तो दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत फिरतो. उन्हात त्याची शक्ती मंदावते एवढंच. सूर्यप्रकाशानं मरण ही १९२२ च्या ‘नॉस्फेरातू’ या जर्मन मूकपटाची देणगी.

‘छातीत खुंट मारूनच मारायला हवं.’ खुंट लूसीला मारतात. काउंटला शेवटच्या प्रकरणात सूर्यास्ताच्या वेळी दोन सुऱ्यांनी मारतात, आणि त्यातली मीनाचा नवरा जोनाथन याच्या हातातली चक्क गुरख्यांची कुकरी आहे.

‘मीनावर त्याचं गेल्या जन्मापासूनचं प्रेम आहे.’ कादंबरीत नाही. बहुतेकांच्या डोक्यात हे १९९२ च्या सिनेमानं घातलंय.

‘तो देखणा, तुळतुळीत दाढी केलेला असतो.’ स्टोकरचा काउंट पहिल्यांदा दिसतो तो म्हातारा, लांब पांढऱ्या मिश्यांचा, तळहातावर केस असलेला. हे वाचून दाखवलं की खोलीत हमखास हशा होतो.

‘ही अगाथा कुठून आणली?’ आठव्या प्रकरणातून. पण एवढी मोठी मालिकेनंच केली. ही तक्रार अर्धी बरोबर, तशीच नोंदवा.

पडताळणी झाली म्हणून तक्रार खोडू नका. समोर फक्त ‘पुस्तकाशी जुळते’, ‘सिनेमातून आलेली’ किंवा ‘अर्धी’ असं लिहा. चुकीच्या आठवणीतून आलेला रागही खराच असतो. मात्र हे सगळं जाहीर वाचून कुणाची फजिती करू नका; पुढच्या रविवारी तो येणार नाही आणि त्याचा क्रमांक रिकामा राहील.

लिहून काढताना

सुरुवातीच्या ‘तीन गोष्टी’च्या चिठ्ठ्या आता उघडा आणि त्याच क्रमांकाच्या तक्रारींशेजारी लावा. ज्यानं आधी ‘काळा झगा, ऊन, सुळे’ लिहिलं होतं त्याची तक्रार ‘उन्हाचे नियम बदलले’ अशीच असणार. आणि ज्यानं काहीच लिहिलं नव्हतं, ‘नाव ऐकलंय फक्त’, त्याला तिसरा भाग सगळ्यात कमी खटकतो का, हे बघा. लेख करायचा तर तिथून सुरू करा. कथानक सांगत बसलात तर दोन पानं त्यातच जातात.

शब्द जसेच्या तसे ठेवा, कोंकणी मिसळून लिहिलेलं असेल तर तेही. ‘मजा येना’ याचं ‘रंजक वाटले नाही’ केलंत की माणूस गेलाच. चिठ्ठ्या बॉलपेननं लिहून घ्या, शाईपेन नको. जून-जुलैत कपाटात ठेवलेल्या कागदावरची शाई दमटपणानं फुटते. त्याच रात्री मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा.