फुलोऱ्यातल्या ढोबळीची पाने पिवळी पडताहेत? युरियाला हात लावण्याआधी हे तपासा

पॉलिहाऊसमधली ढोबळी मिरची फुलोऱ्यात येऊन पहिली फळे लिंबाएवढी झाली, की पाने पिवळी पडल्याच्या तक्रारी सुरू होतात. पावसाळा सरून थंडी शिरताना तर हमखास. ढगाळ दिवस, गार रात्री, बेडमध्ये मुरून राहिलेला ओलावा आणि त्यात झाडावर फळांचा भार, असे सगळे एकदम जुळून येते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी १९:१९:१९ या मिश्र खताच्या नाहीतर युरियाच्या पोत्याकडे जातो आणि घोळ तिथेच होतो. या अवस्थेत बरेचदा खत मुळाशी पोचलेले असते, मुळेच ते उचलत नसतात. कारण न शोधता आणखी खत सोडले की बेडमधले क्षार वाढतात, मुळे आणखी दबतात. नत्र जास्त झाले तर शेंडा माजतो आणि फुले गळतात. गारठ्यात युरियाचे नायट्रेट होण्याचा वेगही मंदावतो. मग अमोनियम साचते आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या उचलीत आडवे येते. म्हणजे पिवळेपणा राहतोच, वर फळांचे बूड काळे पडायला लागते.

पहिली फेरी रिकाम्या हाताने मारा. सकाळी, ऊन कडक होण्याआधी. पिवळी झाडे कुठे कुठे आहेत एवढेच बघायचे. एकाच लॅटरलवरची (ठिबकच्या बारीक नळीवरची) सगळी झाडे फिकी असतील तर चोंदलेले ड्रिपर किंवा कमी दाब. ओळीच्या शेवटाकडची फिकी असतील तरी तेच. गटर गळते तिथे किंवा सखल कोपऱ्यात पट्टा दिसला तर मुळांशी पाणी साचते आहे. दाराजवळून आणि कडेच्या ओळींपासून पसरत आत आले असेल तर कीड. मधेच एखादे, पुन्हा चार झाडे सोडून एखादे, असे दिसले तर विषाणूची शंका घ्यावी. सगळे पॉलिहाऊस एकसारखे फिके असेल तरच खताच्या द्रावणाकडे किंवा पाण्याच्या सामूकडे (पीएचकडे) वळावे.

यानंतर एक झाड वरपासून खालपर्यंत नीट बघावे. नत्र, पालाश (पोटॅश), मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाड गरजेप्रमाणे जुन्या पानातून काढून कोवळ्या भागाला आणि फळाला देते, त्यामुळे त्यांची टंचाई आधी खालच्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा पानात बसले की हलत नाहीत, म्हणून त्यांची टंचाई शेंड्यावर. खालचे पान शिरांसकट सारखेच फिके पडले तर नत्र. कडा पिवळ्या होऊन पुढे करपत आत येत असतील तर पालाश, नाहीतर क्षारांचा ताण. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप) मोजल्याशिवाय ठरवू नये. शेंड्याची पाने शिरांसकट फिकी असतील तर गंधक, पण खतांतून सल्फेट जात असेल तर ही तक्रार क्वचितच येते. फाट्याखालची, सावलीत दबलेली चार-दोन पाने पिवळी होऊन गळत असतील तर त्यात आजार नाही. त्या पानांचा काळ संपला. ती काढून टाकली की खाली हवा खेळते.

फळ पोसण्याच्या काळात सर्वांत जास्त दिसते ती मॅग्नेशियमची टंचाई. मधली आणि खालची पाने शिरांच्या मधल्या जागेत पिवळी होतात, शिरा हिरव्या राहतात. फळाचा आकार आणि रंग यावा म्हणून आपण १३:००:४५ आणि ००:००:५० ही पालाशाची खते वाढवतो. पालाश जितका जास्त, तितकी मॅग्नेशियमची उचल कमी. म्हणजे टंचाई बऱ्याचदा आपल्याच वेळापत्रकातून आलेली असते. मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम प्रतिलिटर पाण्यात, संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारावे आणि आठवड्याच्या अंतराने पुन्हा एक-दोनदा घ्यावे. सोबत पालाशाचा डोस थोडा खाली आणावा, नाहीतर फवारणी थांबली की पिवळे पुन्हा वर येते. ड्रिपमधून देताना मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम नायट्रेट कधीही एका टाकीत कालवू नये. जिप्सम तयार होऊन तळाशी बसते आणि ड्रिपर चोंदतात. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटची खतेही तशीच वेगळी ठेवावीत.

मात्र मॅग्नेशियम ठरवण्याआधी पान उलटून बघा. हे सांगावेसे वाटते, कारण फसगत इथेच सर्वांत जास्त होते. ढोबळीवरची भुरी (पांढऱ्या पावडरीसारखी दिसणारी बुरशी) काकडीवरच्या भुरीसारखी वरून दिसत नाही. वरच्या बाजूला नुसते पिवळसर, कडा अस्पष्ट असलेले डाग दिसतात आणि पांढरी पावडर असते पानाखाली. वरून बघणारा मॅग्नेशियम फवारत बसतो आणि तोवर पानगळ सुरू होते. पानाखाली पावडर नसेल, पण वरून सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके दाटीने दिसत असतील तर पांढऱ्या कागदावर पान झटका. ठिपक्याएवढे काही चालताना दिसले तर लाल कोळी. बारीक जाळीची वाट बघू नये, जाळी दिसते तोवर प्रादुर्भाव बराच पुढे गेलेला असतो. पिवळा कोळी साध्या डोळ्याला दिसत नाही, त्याला दहापट भिंग लागते. शेंड्याची पाने अरुंद होऊन कडा खाली वळतात, पानाची पाठ तांबूस होते, आणि बरेच जण त्याला बोरॉनची कमतरता समजतात.

शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरांचे जाळे हिरवे, हे लोहाचे लक्षण. मँगनीजचेही जवळपास असेच, फक्त थोड्या जुन्या पानांवर आणि शिरांभोवतीचा हिरवा पट्टा जरा रुंद. लोह जमिनीत बहुधा असतेच, पण सामू ७ च्या वर गेला की ते मुळाला मिळत नाही. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल, जमीन चुनखडीची असेल किंवा बेड गार आणि चिंब असेल तर शेंडा पिवळा पडणारच. इथे चिलेटचा, म्हणजे लोह विरघळलेले धरून ठेवणाऱ्या संयुगाचा, प्रकार बघून घ्यावा. ईडीटीए चिलेट सामू साधारण ६.५ पर्यंतच टिकते, डीटीपीए ७.५ पर्यंत, त्यावर ईडीडीएचएशिवाय पर्याय नाही. चुनखडीच्या बेडला ईडीटीए लोह सोडणे म्हणजे पैसे ड्रिपमधून वाहून देणे. फवारणीसाठी ईडीटीए चालते, अर्धा ग्रॅम प्रतिलिटर, तेही उन्हात नको. पाण्याचा सामू फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्लाने खाली आणता येतो. हातमोजे आणि चष्मा घालून, आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे. आम्लावर पाणी ओतू नये.

शंका मिटवायला एक सोपी चाचणी आहे. दोन-तीन झाडांच्या पिवळ्या पानांवर लोह फवारा, दुसऱ्या दोन-तीन झाडांवर मॅग्नेशियम, आणि तितकीच झाडे तशीच सोडा. झाडांना रंगीत दोरा बांधून ठेवा. लोहाची टंचाई असेल तर आठवड्याभरात जिथे जिथे थेंब बसला तिथे हिरवे ठिपके उठतात, बाकी पान पिवळेच राहते. एवढे स्पष्ट उत्तर खताच्या पाकिटावर छापलेले नसते.

आता मोजमाप. सामू आणि ईसीचे मीटर नसेल तर कोकोपीटवर (मातीऐवजी बॅगेत भरलेल्या नारळाच्या भुशावर) ढोबळी करण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मीटर असेल तर आधी सामू ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणात बुडवून जुळवून घ्या. बऱ्याच ठिकाणी मीटर चुकीचे दाखवत असते आणि माणूस त्यावर विसंबून आम्ल वाढवत राहतो. एका ड्रिपरखाली बाटली लावा, म्हणजे आत जाणारे द्रावण हातात येईल. बॅगेखालून निचऱ्याचे पाणी घ्या. आत जाणाऱ्या द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ असावा, ईसी दोनच्या आसपास, फळांचा भार असताना अडीचपर्यंत. निचऱ्याची ईसी त्यापेक्षा एका अंकाहून जास्त असेल तर मुळांभोवती क्षार साचले आहेत. मग खत वाढवायचे सोडाच, निम्म्या ताकदीचे द्रावण देऊन कोकोपीट धुऊन काढावे. निचरा दिलेल्या पाण्याच्या २० ते ३० टक्के निघायला हवा. निचराच निघत नसेल तर क्षार साचणारच. मातीच्या बेडमध्ये मुळाजवळची माती घेऊन दुप्पट डिस्टिल्ड पाण्यात कालवावी आणि निवळीची ईसी बघावी. निरोगी आणि पिवळ्या झाडाखालची माती शेजारी शेजारी मोजली की एका आकड्यापेक्षा जास्त कळते.

मुळे बघितल्याशिवाय मात्र निदान पुरे होत नाही. दुपारी झाड मलूल, बेड मात्र ओला, असे असेल तर एका बाजूने माती सरकवून मूळ बाहेर काढा. चांगले मूळ पांढरे, कडक. तपकिरी मूळ दोन बोटांत धरून ओढले आणि साल निघून आतली दोरी तेवढी हातात राहिली तर मूळकूज आहे. अशा झाडाला कितीही खत दिले तरी ते घेणार कुठून? ढगाळ दिवशी कालच्याइतकेच पाणी चालू ठेवणे हे यामागचे नेहमीचे कारण. ऊन नाही तर झाड पाणी पीत नाही. त्या दिवशी पाळ्या कमी कराव्यात आणि शेवटची पाळी सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी संपवावी, म्हणजे रात्री बेड चिंब राहत नाही. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. ती निरोगी मुळांना राखण म्हणून चांगली. कुजलेले मूळ तिने परत येत नाही. बुरशीनाशक निवडताना पिकासाठीची लेबलवरची शिफारस आणि तोडणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ दोन्ही बघावे, फळे तर झाडावरच असतात.

पिवळा-हिरवा असा ओबडधोबड चट्टा, पान वाकडेतिकडे, फळावर वलये, असे दिसले तर खताचा विषयच नाही. विषाणूग्रस्त झाड पिशवीत घालून बाहेर काढावे, शेजारच्या झाडांना हात न लावता. तंबाखू मळलेल्या हातांनीही मोझॅक पसरतो, तेव्हा कामावरच्या सगळ्यांनी साबणाने हात धुऊनच खुडणी-बांधणीला आत यावे. अशी झाडे असतील त्या ओळी दिवसाच्या शेवटी हाताळाव्यात.

उपाय लागू पडला की नाही हे पिवळ्या पानावरून ठरवू नका, फार पिवळे झालेले पान सहसा परत हिरवे होत नाही. दोरा बांधलेल्या झाडावर उपायानंतर फुटलेली नवी पाने आठ-दहा दिवसांनी बघा. लोहाची तक्रार असेल तर ती हिरवी निघायला हवीत. मॅग्नेशियमची असेल तर पिवळेपणा वरच्या पुढच्या पानाकडे सरकणे थांबायला हवे. तरीही उलगडा होत नसेल तर पान-देठ परीक्षण करावे. नुकतेच पूर्ण वाढलेले पान देठासकट घ्यायचे, २५-३० पाने पिवळ्या झाडांची आणि तेवढीच निरोगी झाडांची, वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत. प्लास्टिकमध्ये पाने घामेजून सडतात. नमुना फवारणीच्या आधी घ्यावा, कारण पानावर चिकटून राहिलेले खतही प्रयोगशाळेत मोजले जाते आणि अहवाल सगळे भरपूर असल्याचे दाखवतो.