घाटात सायकल घालण्याआधी या चुका टाळा

मी वाईत राहते. पसरणीचा घाट सोळा वर्षं सायकलने चढते-उतरते आहे, पलीकडचा, महाबळेश्वरहून कोकणात उतरणारा आंबेनळी घाटही वर्षातून चार-पाच वेळा होतो. थंडीतल्या कुठल्याही रविवारी घाटाच्या पायथ्याशी पुण्याची मंडळी भेटतात. कुणी पहाटे चारला निघून कात्रज, खंबाटकी ओलांडत आलेलं असतं, कुणी गाडीच्या टपावर सायकल बांधून. सायकली चांगल्या असतात, हौसही दांडगी असते. आणि तीन-चार किलोमीटर वर गेलं, की त्यातली निम्मी कठड्याला टेकलेली दिसतात. रस्ता तोच, चुकाही त्याच. ज्या वारंवार पाहते, त्या सांगते.

पायथ्यालाच दम संपवणे

वाई समुद्रसपाटीपासून साधारण 720 मीटरवर, पाचगणी 1,290 च्या आसपास. मधला घाट 12-13 किलोमीटरचा. म्हणजे सरासरी चढ साडेचार-पाच टक्के. आकडा भीतीदायक नाही, आणि फसगत तिथेच होते. सुरुवातीचा चढ सोपा वाटतो, सपाटीवरचा वेग पायात असतो, शिवाय सोबतचा पुढे गेलेला असतो. मग माणूस त्याच्या मागे लागतो. दुसऱ्या किलोमीटरला छातीचा भाता होतो आणि उरलेला घाट शिक्षा बनतो. डावीकडे-उजवीकडे धोमचं पाणी चमकत असतं, पण मान वर करायचीही ताकद नसते.

माझा उपाय घरगुती आहे. मी पाढे म्हणते, मोठ्याने. सतराचा पाढा निम्मा एका दमात म्हणता आला, तर वेग बरोबर. ‘सतरा त्रिक एक्कावन्न’लाच श्वास तुटला, तर मी लगेच हळू होते. छातीला पट्टा बांधून ठोके मोजणारे मोजोत, त्याला माझी ना नाही. पण पाढ्याची बॅटरी संपत नाही. पहिले तीन किलोमीटर मुद्दाम लाज वाटेल इतक्या हळू जायचं. घाटमाथ्याजवळच्या हॅरिसन फॉली पॉइंटच्या जवळपास पोचताना पायात काहीतरी शिल्लक असलं पाहिजे, कारण पाचगणी म्हणजे महाबळेश्वर नव्हे. पुढे आणखी एकोणीस-वीस किलोमीटर आहेत आणि तो रस्ता सपाट नाही. वेण्णा तलाव दिसेपर्यंत चढ-उतार चालूच असतात.

गिअर न मोजता येणे

‘पायात ताकद आली की जमेल’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. पायाचा दोष नसतो, दातांचा असतो. हिशेब सोपा आहे. पुढच्या दातेरी चक्राला 39 दात आणि मागचं सर्वांत मोठं चक्र 25 दातांचं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर पुढे जाते. खड्या टप्प्यावर ताशी 8 किलोमीटरने चढताना मिनिटाला जेमतेम 40 फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर. तेच पुढे 34 आणि मागे 32 असतील, तर त्याच वेगाला 60 फेरे होतात. दोन्ही घाट तेच, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना फरक कळतो.

मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, बदलायला फार खर्च येत नाही. मात्र मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, 32 किंवा 34 दात पेलतो का, हे आधी मेकॅनिकला विचारा. मोठ्या गिअरवर घाट चढून दाखवण्यात मर्दुमकी आहे असं सांगणारा प्रत्येक गटात एक तरी असतो. त्याचं ऐकू नका. मी सर्वांत हलक्या गिअरवर चढते आणि सोळा वर्षांनी माझे गुडघे शाबूत आहेत.

उतारावर ब्रेक आवळून बसणे

हे नीट वाचा. चढावरची चूक फार तर एक रविवार खाते. उतारावरच्या चुकीने हाडं मोडतात.

माझा भाचा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही दोघं महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला निघालो. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, आणि महाबळेश्वरचं पठार ते कोकणचा तळ असा तेराशे मीटरचा उतार. त्याची सायकल जुनी, रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडेला, रिमला, रबर घासून थांबणारी. निघताना मी बजावलं, “ब्रेक धरून ठेवू नकोस. धर आणि सोड.”

“हो गं मावशी, कळलं,” म्हणाला.

मी पुढे, तो मागे. नवख्याला नेहमी पुढे ठेवावं, म्हणजे तो काय करतोय ते दिसतं. त्या दिवशी मी ते केलं नाही, ती माझी चूक. प्रतापगडाचा फाटा अजून यायचा होता. एका वळणातून मी बाहेर पडते तोच मागे सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. थांबून वळून पाहिलं तर सायकल रस्त्यावर आडवी आणि तो डोंगराकडच्या गटारात, डावा हात छातीशी धरून बसलेला. ते वळण उलट्या अंगाचं असतं तर पलीकडे दरी होती. हे लिहितानाही माझ्या पोटात गोळा येतो.

कॉलर बोन मोडलं होतं. मागून आलेल्या जीपवाल्या काकांनी त्याला पोलादपूरला पोचवलं. गाडीत बसताना तो एवढंच म्हणाला, “मावशी, मी ब्रेक सोडलाच नव्हता. भीती वाटत होती.”

सायकल उचलायला मी मागच्या रिमला हात लावला आणि बोटाला चटका बसला. संध्याकाळपर्यंत फोड आला होता. घरी ट्यूब काढून पाहिली. जुन्या पंक्चरचं ठिगळ जागेवरून बोटभर सरकलं होतं, खालचं सोल्यूशन पातळ होऊन वाळलं होतं, आणि ठिगळाखालच्या भोकापासून ट्यूब उभी फाटली होती.

झालं असं. सायकल आणि माणूस मिळून 85 किलो धरा. तेराशे मीटर खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सगळी उष्णता झाली तर तीन लिटर पाण्याला उकळी फुटेल. त्यातली निम्मी वारा आणि रस्ता खातात असं मानलं, तरी दीड लिटर उकळवण्याइतकी धग दोन रिममध्ये जाते. ब्रेक धरून सोडला, की मधल्या वेळात रिमला वारा लागतो आणि ती निवते. सतत आवळून ठेवला तर निवायला वेळच मिळत नाही. आत ट्यूबमधली हवा तापते, दाब वाढतो, ठिगळाचा डिंक सैल होतो. कार्बनच्या रिमला तर याहून मोठा धोका, ती स्वतःच मऊ पडून सुटू शकते.

“माझी डिस्क ब्रेकची आहे” असं म्हणून निश्चिंत होणारे बरेच भेटतात. डिस्क ब्रेक चाकाच्या मधल्या चकतीला धरतो, त्यामुळे टायर तापत नाही, हे खरं. पण पॅड भाजून काचेसारखे गुळगुळीत होतात, किंचाळायला लागतात आणि नेमकं हवं तेव्हा धरत नाहीत.

माझी पद्धत अशी: वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक दोन-तीन सेकंद चांगले दाबायचे आणि सोडायचे. वळणात शिरताना वेग आधीच उतरलेला हवा. हात हँडलच्या खालच्या भागात, अंग थोडं मागे, वळणाच्या बाहेरच्या अंगाचा पाय खाली आणि त्यावर भार. नजर चाकासमोरच्या खड्ड्यावर नाही, वळण जिथे संपतं तिथे. आंबेनळीत मी तीनदा थांबते, थकवा असो वा नसो, आणि बोट रिमच्या जवळ नेऊन धग पाहते. घाटाच्या दिवशी दोन्ही चाकांत बिनठिगळाच्या ट्यूब. आदल्या रात्री ब्रेकच्या रबरात रुतलेली खडी सेफ्टी पिनने काढायची, त्यावरच्या खाचा बुजल्या असतील तर रबर बदलायचे. या कामाला दहा मिनिटं लागतात. ज्यांना ही दहा मिनिटं जड वाटतात, त्यांनी घाटात येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

भाचा फेब्रुवारीनंतर पुन्हा सायकलवर बसला. आंबेनळी पुन्हा उतरलो तेव्हा तो पुढे होता आणि प्रत्येक वळणाआधी मला ‘सोड’ असं त्याचं स्वतःशी म्हणणं ऐकू येत होतं.

पावसाळ्यातला हट्ट

ढगात सायकल चालवतानाचे फोटो फार सुंदर येतात, मान्य. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. रस्त्याच्या कडेला शेवाळ, वळणावर वाहून आलेली माती, समोरची गाडी दहा हातांवर आल्यावर दिसते. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आंबेनळी ठिकठिकाणी खचला आणि वाहतूक बंद पडली. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाटही पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवतात. जुलै-ऑगस्टमध्ये मी या दोन्ही घाटांत जात नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. ऑक्टोबरपर्यंत थांबा, डोंगर तेव्हाही हिरवाच असतो.

इतर, थोडक्यात

टायरमध्ये 110-120 पीएसआय हवा ठासून भरू नका. 28 मिलिमीटरच्या टायरला, सत्तर किलोच्या माणसाला, सत्तर-पंचाहत्तर पुरते. खडीवर पकडही चांगली मिळते.

भूक लागल्यावर खायला काढणं म्हणजे उशीर झाला. दर अर्ध्या तासाला राजगिऱ्याची वडी, खजूर किंवा गूळ-शेंगदाणे. पाण्यात चिमूटभर मीठ, साखर, लिंबू.

माकडांसमोर केळं काढू नका. पिशवीची चेन उघडल्याचा आवाजही त्यांना कळतो.

महाबळेश्वरला घामेजलेल्या अंगाने उतार सुरू करू नका. जर्सीच्या आत वर्तमानपत्र घाला, छाती गारठत नाही.

पोलादपूरकडून चढायचं असेल तर उजाडायच्या आत निघा. नऊनंतर कोकणातला दमटपणा अंगातलं पाणी पिळून काढतो.

पहिल्याच वेळी पुणे-महाबळेश्वर-पुणे

एका दिवसात 240 किलोमीटर, वाटेत कात्रज, खंबाटकी, पसरणी. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि सराव असलेल्यांनाही घाटांच्या मार्गावर ते मोजूनमापून वापरावे लागतात. तरी दोन महिन्यांपूर्वी सायकल घेतलेली मुलं हे करायला निघतात, कारण कुणीतरी केल्याचं ऐकलेलं असतं. आधी जुना कात्रज करा. मग साताऱ्याहून यवतेश्वर, जमलं तर तसंच पुढे कासपर्यंत. मग वाईला मुक्काम करून पसरणी. त्यानंतर महाबळेश्वर, आणि तिथेही रात्र काढा. दुसऱ्या दिवशी केळघर घाटाने मेढ्याला उतरा, तो रस्ता शांत आहे.

त्याच दिवशी परतणाऱ्यांचा सगळ्यांत वाईट टप्पा घाटात नसतो, वाई ते सुरूर फाटा या साध्या रस्त्यावर असतो. दिवस मावळलेला, पाय संपलेले, आणि गळीत हंगाम असेल तर समोर उसाच्या ट्रॉल्या. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, बाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. पुढे खंबाटकीच्या बोगद्यात मागून ट्रक. मागचा लाल दिवा आणि त्याची जादा बॅटरी नसेल, तर वाईतच थांबा, एसटी स्टँडजवळ खोल्या मिळतात.