घरच्या सरावातून थेट श्रोत्यांसमोर: नवख्या डीजेंनी या चुका टाळाव्यात

घरी दोन ट्रॅक बिनचूक जुळतात, पण पहिल्याच जाहीर कार्यक्रमात बीट सुटत जाते, ही नवख्या डीजेंची नेहमीची तक्रार आहे. दोष बहुधा हातांचा नसतो. घरी स्पीकर कानाजवळ असतात, यंत्रे ओळखीची असतात आणि ऐकणारे आपण एकटेच असतो. कार्यक्रमात या तिन्ही गोष्टी एकदम बदलतात.

मुख्य स्पीकरवर विसंबून बीट जुळवणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे दहा मीटरवरच्या स्पीकरचा आवाज बूथपर्यंत, म्हणजे डीजे उभा असतो त्या जागेपर्यंत, पोहोचायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात, तर हेडफोनमधला ट्रॅक तत्क्षणी ऐकू येतो. या दोघांना कानाने जुळवले, तर आपल्याला सर्व ठीक वाटते आणि श्रोत्यांना मात्र दोन किक (ड्रमचे जड ठोके) एकमेकांवर आपटताना ऐकू येतात. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ बीटच्या) ट्रॅकमध्ये दोन बीटमधले अंतर जेमतेम ४६९ मिलिसेकंद असते, हे लक्षात घेतल्यास २९ मिलिसेकंदांची चूक किती मोठी आहे, ते कळते. म्हणून मिक्स करताना बूथ मॉनिटरचा, म्हणजे डीजेसाठी बूथमध्येच ठेवलेल्या स्पीकरचा, आवाज पुरेसा वाढवावा आणि मिक्स संपताच तो कमी करावा. मॉनिटर नसेल किंवा निकामी असेल, तर मिक्सरवरील हेडफोन मिक्सची कळ मध्यावर आणून दोन्ही ट्रॅक हेडफोनमध्येच जुळवावेत. याचा सराव घरी मुद्दाम करावा, कारण ऐनवेळी ही सवय लागत नाही.

आवाज वाढवण्यासाठी मीटर लाल करणे

गर्दी वाढली की आवाज कमी वाटू लागतो आणि हात गेनकडे (सिग्नलची पातळी वाढवणाऱ्या कळीकडे) जातो. बहुतेक ठिकाणी मिक्सरच्या पुढे लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीपलीकडे आवाज जाऊ न देणारे यंत्र, बसवलेला असतो; त्यामुळे लाल दिव्यांपलीकडे ढकललेला सिग्नल मोठा होत नाही, तो फक्त फाटतो. प्रत्येक ट्रॅकची पातळी हेडफोनमध्ये ऐकतानाच ट्रिमने (त्या चॅनेलच्या गेनच्या कळीने) सारखी करावी आणि एकूण आवाज खरोखरच कमी असेल, तर ध्वनितंत्रज्ञाला सांगावे. आवाज अचानक भसाडा झाला, तर आधी दोन ट्रॅकचे बेस एकत्र वाजत नाहीत ना, हे पाहावे. बहुतेकदा नव्या ट्रॅकचा बेस पूर्ण कापताच प्रश्न सुटतो.

कान थकले की आपण नकळत आवाज चढवत जातो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नायोश या संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, तर १०० डेसिबलचा केवळ १५ मिनिटे सोसावा. संगीतकारांसाठीचे फिल्टर असलेले इअरप्लग पहिल्या कार्यक्रमापासूनच वापरावेत, असा माझा आग्रह आहे.

पेन ड्राइव्ह न तपासणे

दुसऱ्याच्या प्लेअरवर ड्राइव्ह उघडला नाही, तर कारण बहुधा फॉरमॅट असते: एनटीएफएस चालत नाही, फॅट३२ सर्वांत भरवशाचा. क्लबांत आढळणारा सीडीजे-२००० हा प्लेअर आणि त्याची पहिली नेक्सस आवृत्ती फ्लॅक प्रकारच्या फाइल वाजवत नाहीत, म्हणून ३२० केबीपीएस एमपी३ किंवा एआयएफएफ ठेवावे. गाणी रेकॉर्डबॉक्स या डीजेंच्या सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट करून त्यांच्या दोन प्रती सोबत न्याव्यात. सिंक (यंत्राने आपोआप बीट जुळवण्याची सोय) वापरणाऱ्यांनी बीटग्रिड, म्हणजे ट्रॅकवरील बीटच्या खुणा, डोळ्यांनी तपासावी. ती चुकलेली असेल, तर सिंकही चुकणारच.

ठरलेला सेट हट्टाने वाजवणे

घरी बांधलेला क्रम श्रोत्यांना न पाहता ठरवलेला असतो. सुरुवातीची वेळ मिळालेल्या डीजेने सर्वांत जोरकस गाणी तेव्हाच वाजवली, तर पुढच्या डीजेची चढणच संपते, आणि आयोजक हे विसरत नाहीत. क्रमाऐवजी वेगवेगळ्या ऊर्जेचे गट तयार ठेवावेत आणि प्रत्येक मिक्सनंतर मान वर करून श्रोत्यांकडे पाहावे. मिक्स बिघडलाच, तर तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा फेडर (आवाजाची सरकपट्टी) सरकवून सरळ पुढच्या ट्रॅकवर जावे.

सेट संपताना पुढच्या डीजेला चालू ट्रॅकचा वेग आणि कोणता चॅनेल मोकळा आहे ते सांगावे. त्याचा ट्रॅक सुरू होऊन आपला फेडर खाली आल्यानंतरच आपला ड्राइव्ह काढावा, कारण प्लेअर एकमेकांना जोडलेले असतील, तर दुसऱ्या प्लेअरवरचे गाणेही त्याच ड्राइव्हवरून वाजत असू शकते.