मूळ कागद अमेरिकेला गेले, ते परत कसे मागवायचे

लेकीचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगा भाजत होते. "आई, मी झेरॉक्स घरी ठेवल्या आणि मूळ कागद पाठवून दिले." तिने आम्हा दोघांसाठी व्हिसाचा अर्ज केला होता. अमेरिकेची नागरिक झालेली मुलगी आईवडिलांसाठी भरते तो आय-१३०. आईचा वेगळा, वडिलांचा वेगळा. यांच्या अर्जासोबत आमच्या लग्नाचा पुरावा लागतो म्हणून त्या पाकिटात चार कागद गेले: लेकीचा जन्मदाखला, तिच्या शाळेचा निर्गम उतारा, आमचा विवाह नोंदणीचा दाखला आणि आमची लग्नपत्रिका. मूळ कागद पाहिले की साहेबांचा विश्वास बसेल, असं तिला वाटलं.

खरं तर अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला, म्हणजे यूएससीआयएसला, या अर्जासोबत साध्या झेरॉक्स चालतात. त्यांच्यावर नोटरीचा शिक्काही लागत नाही. मराठी कागदाला मात्र संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि भाषांतर पूर्ण व बरोबर आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतर करणाऱ्याने लिहून सही करावी लागते. न मागता पाठवलेले मूळ कागद नष्ट केले जाऊ शकतात, असं फॉर्मच्या सूचनांमध्येच छापलेलं आहे. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. म्हणूनच सांगते, असं झालं असेल तर दिवस घालवू नका. पण घाबरून भलतीकडे पत्रंही पाठवू नका. मी पहिल्याच दिवशी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीला लिहायला बसले होते. त्यांच्याकडे आमचा एकही कागद पोचलेला नव्हता, मग ते काय शोधणार?

सगळ्यात आधी एका कोऱ्या कागदावर यादी करा. कोणता कागद गेला, कोणी दिलेला, त्याचा नोंदणी क्रमांक काय, तारीख काय. हे आठवत नसेल तर फोन चाळा. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर तीन वर्षांपूर्वीचा एक फोटो निघाला. जेवणाच्या टेबलावर सगळे कागद मांडलेले, त्यात विवाह दाखल्याचा क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. अर्ज पोचल्यावर खात्याकडून आय-७९७ नावाची पोच येते. तिच्यावर तेरा अक्षरांचा पावती क्रमांक असतो, आधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे दहा आकडे. दोन अर्ज म्हणजे दोन क्रमांक. मूळ कागद कोणत्या पाकिटात होते हे नक्की करा, कारण मागणी त्याच क्रमांकावर करायची असते. लेक आधी माझ्या अर्जाचा क्रमांक लिहीत होती, कागद होते यांच्या पाकिटात.

आता महत्त्वाचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. शेकडो दाखले या हाताने लिहिले. आईबाप दाखला हरवला म्हणून रडत यायचे, तेव्हा मी कपाटातून जनरल रजिस्टर काढून त्यांच्यापुढे उघडायची. तुमच्या हातात असते ती नक्कल, मूळ नोंद इथे आहे, ती कुठे जात नाही. जन्मदाखल्याचंही तेच. नोंद महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात राहते, आपल्याला मिळतो तो तिचा उतारा. म्हणून यादीतल्या प्रत्येक कागदापुढे एकच प्रश्न लिहा: याच्या मागे रजिस्टर आहे का?

आमच्या चारपैकी तिघांच्या मागे होतं. चौथ्याच्या, म्हणजे लग्नपत्रिकेच्या मागे कुठलंच रजिस्टर नव्हतं. १९८१ सालची, पिवळ्या कागदावर छापलेली, वर सिद्धरामेश्वर प्रसन्न, चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू. एवढी एकच प्रत उरली होती. दिवाळीला आलेली लेक परत जाताना कागदांची फाइल आणि शेंगाचटणीचा डबा एकाच बॅगेत घेऊन गेली होती. डबा सांडला आणि पत्रिकेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोराएवढा तेलाचा डाग पडला. तेव्हा मी हळहळले होते. तो डाग पुढे उपयोगी पडला.

ज्याच्या मागे रजिस्टर नाही त्याच्यासाठी मागणीअर्ज ताबडतोब करायचा. ज्याच्या मागे आहे त्याची नवी प्रत इकडून काढायला सुरुवात करायची. अमेरिकेतून काय येतंय याची वाट बघत थांबायचं नाही. दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू करा.

मागणीचा फॉर्म आहे जी-८८४. मूळ कागद परत मागण्यासाठीच तो आहे आणि त्याला फी नाही. पैसे घेऊन तो भरून देतो म्हणणारा भेटला तर तो आपल्या मेहनतीचे पैसे घेतोय, सरकारचे नाही, एवढं लक्षात असू द्या. फॉर्म खात्याच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या, कोणाच्या जुन्या पीडीएफवर भरू नका. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते, ती चालू आवृत्तीची आहे ना ते बघा. कुठल्या पत्त्यावर पाठवायचा तेही तिथेच दिलेलं असतं, आणि टपालात टाकण्याच्या दिवशी ते पुन्हा एकदा बघा.

सही कोणाची? आय-१३० ज्याने भरला त्याची, किंवा त्याच्या वकिलाची. आमच्या बाबतीत लेकीची. कागद माझ्या लग्नाचे असले तरी सोलापुरात बसून मी सही केलेल्या कागदाला तिथे किंमत नाही. हे इथल्या आईवडिलांना पटायला वेळ लागतो, मलाही लागला. मुलांनी मध्यंतरी घर बदललं असेल तर आधी केसवरचा पत्ता बदलून घ्यायला सांगा. नाहीतर कागद निघतील आणि जुन्या दारावर जातील.

कागदांचं वर्णन लिहायच्या जागी 'लग्नाचा दाखला' एवढंच लिहून भागत नाही. फाइल चाळणाऱ्या माणसाला मराठी येत नाही, हे धरून चला. आम्ही असं लिहिलं: विवाह नोंदणी दाखला, देणारं कार्यालय, नोंदणी क्रमांक, तारीख, वर नवराबायकोचे फोटो आणि गोल निळा शिक्का. पत्रिकेबद्दल लिहिलं: पिवळा कागद, दोन घड्या, मराठी छपाई, सोबत इंग्रजी भाषांतर, खालच्या उजव्या कोपऱ्यावर तेलाचा डाग. सोबत फोटोची प्रिंट जोडली. पाठवलेल्या सगळ्याची झेरॉक्स आणि टपालाची पोच लेकीने जपून ठेवली.

आय-१३० मंजूर झाला की केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला. तिथे पुढची कागदपत्रं स्कॅन करून ऑनलाइन चढवायची असतात. तिथेही मूळ कागद टपालाने पाठवायचे नाहीत. मूळ लागतात ते मुलाखतीच्या दिवशी, हातात. खात्याने मध्येच पत्र पाठवून एखादा मूळ कागद मागितला, तर तेव्हा मात्र द्यावाच लागतो.

आता इकडची कामं. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून जन्मदाखल्याची नवी प्रत मिळते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानेच हा उतारा मागता येतो, त्यामुळे अजिजी करायची गरज नाही. जन्मतारीख, आईवडिलांची नावं, दवाखाना आणि जुन्या दाखल्याचा क्रमांक असेल तर काम लवकर होतं. आमच्या लेकीच्या नोंदीत नावाची जागा रिकामी आहे, फक्त 'स्त्री' लिहिलंय. त्या काळच्या कितीतरी नोंदी अशाच आहेत. नवी प्रतही तशीच आली. म्हणूनच शाळेचा निर्गम उतारा जोडला होता. शाळेत जा, जनरल रजिस्टरचा क्रमांक सांगा, उतारा पुन्हा मिळतो. शाळा सोडल्याचा दाखलाच गेला असेल तर दुसरी प्रत मिळते, तिच्यावर लाल शाईने 'डुप्लिकेट' लिहिलेलं असतं. मी स्वतः तसं लिहीत आले आहे. त्याने दाखल्याची किंमत कमी होत नाही.

या दुसऱ्या प्रतीसाठी शाळा प्रतिज्ञापत्र मागते. तिथे एक सल्ला हमखास मिळतो, की बसमध्ये हरवला असं लिहून टाका. कृपा करून तसं लिहू नका. हेच कागद पुढे अमेरिकन अधिकाऱ्यासमोर जाणार आहेत, आणि मूळ दाखला त्यांच्याच फाइलमध्ये आहे. जे झालं तेच लिहा: अमुक तारखेला अमुक अर्जासोबत पाठवला, परत मिळालेला नाही. कोर्टाजवळच्या टंकलेखकाने माझ्यासाठी हे तीन ओळींत बसवून दिलं आणि शाळेने ते विनातक्रार घेतलं.

विवाह दाखल्यावर ज्या निबंधकाचा शिक्का आहे त्याच कार्यालयात प्रत मिळते. दुसरीकडे चकरा मारू नका. कोणाची पदवी गेली असेल तर साल बघा. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्याआधीचे आपण सगळे शिवाजी विद्यापीठाचे, म्हणजे काम कोल्हापूरला. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेसाठी पुण्याचं विभागीय मंडळ.

खेड्यात जन्मलेल्या आईवडिलांची एक वेगळी अडचण असते. माझी स्वतःची जन्मनोंद सापडली नाही. तेव्हा नोंद नसल्याचा दाखला घ्यावा लागतो आणि त्याला शाळेचा दाखला व जाणत्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडावी लागतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मिळते का तेही बघा. त्यात बहुधा बाळाचं नाव नसतं, बापाचं असतं, तरी आधार होतो. ही नक्कल काढायला फार हेलपाटे पडतात, तेव्हा ती तर पाकिटात कधीच घालू नका.

मुलांना एवढं सांगा की आय-१३० आता ऑनलाइनही भरता येतो. स्कॅन चढवले की मूळ कागद घराबाहेर पडतच नाहीत.

आमचं उत्तर यायला जवळजवळ सात महिने लागले. लेकीच्या दारात एक जाड पाकीट आलं. त्यात विवाह दाखला होता, निर्गम उतारा होता आणि घडी न मोडलेली पत्रिका होती. जन्मदाखला आला नाही. त्याची नवी प्रत तोवर माझ्या कपाटात होती. लेकीने फोनच्या कॅमेऱ्यासमोर पत्रिका धरली तेव्हा यांनी पहिल्यांदा विचारलं, "डाग आहे का?" होता. मग हे बराच वेळ काही बोललेच नाहीत.

भारतातल्या या व्हिसाच्या मुलाखती मुंबईच्या वकिलातीत, वांद्रे-कुर्ला संकुलात होतात. आम्ही रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो. फाइल मी उशाखाली घेतली होती. पहिल्या कप्प्यात मूळ कागद, दुसऱ्यात त्याच क्रमाने झेरॉक्स, तिसऱ्यात भाषांतरं. खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईंनी मूळ विवाह दाखला हातात घेतला, झेरॉक्सशी ताडून पाहिला, झेरॉक्स स्वतःकडे ठेवली आणि मूळ दाखला खिडकीतून परत सरकवला. मी तिथेच उभ्या उभ्या कागद मोजले. सगळे होते.