कोलायटिस जुना झाला की आतड्याची तपासणी वेळेवर कशी करून घ्यावी

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज ठेवणारे आजार, असलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न कायम असतो आणि दवाखान्यात गेल्यावर तोच विचारायचा राहून जातो: याचा पुढे कॅन्सर होतो का? बहुतेकांना होत नाही. पण मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहिली तर इतरांपेक्षा धोका वाढतो, हेही तितकंच खरं. दिलासा देणारी बाब अशी की हा कॅन्सर सहसा एकदम उगवत नाही. आधी आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बिघडायला लागतात. या अवस्थेला डिस्प्लेशिया म्हणतात. ती सापडली तर पुष्कळदा दुर्बिणीतूनच तो भाग काढून टाकता येतो.

2001 साली जगभरातल्या अभ्यासांचं एक एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं होतं. त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण 10 वर्षांनी 2 टक्के, 20 वर्षांनी 8 टक्के आणि 30 वर्षांनी 18 टक्के दिलं होतं. इंटरनेटवर शोधलं की अजून हेच आकडे समोर येतात आणि माणूस घाबरतो. त्यानंतर औषधं सुधारली, तपासण्या सुधारल्या, आणि नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत प्रमाण यापेक्षा कमी आलं. आजार जितका जुना तितका धोका जास्त, ही गोष्ट मात्र टिकून आहे.

आणि इथेच घोळ होतो. औषध लागू पडतं, रक्त थांबतं, माणूस कामाला लागतो, वर्षं जातात. आता काही त्रासच नाही तर स्कोप (कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) कशाला, असं घरातलेही म्हणतात. पण या तपासणीची खरी वेळ त्रास नसतानाचीच असते. म्हणून तिचं वेळापत्रक रुग्णाने स्वतःकडे ठेवावं असं मला कळकळीने वाटतं. डॉक्टर बदलतात, गाव बदलतं, हॉस्पिटलच्या नोंदी हरवतात. तारीख लक्षात ठेवणारं एकच माणूस शेवटपर्यंत सोबत असतं, ते म्हणजे तुम्ही.

पहिलं काम: सुरुवातीचं साल ठरवा

नियमित तपासणी सुरू करायची ती साधारण 8 वर्षांनी. पण कधीपासून 8 वर्षं? निदान झालं तेव्हापासून मोजायची नाहीत, पहिली लक्षणं दिसली तेव्हापासून मोजायची.

आपल्याकडे या फरकाला फार महत्त्व आहे. शौचातून रक्त पडलं की पहिला संशय मूळव्याधीचा. मलम झालं, चूर्ण झालं, कुणीतरी सांगितलेला काढा झाला. क्रोन्सच्या रुग्णाला आतड्याचा टीबी समजून सहा महिने टीबीची औषधं दिली जाणं हेही आपल्याकडे नवीन नाही, कारण दोन्ही आजार दिसायला खूप सारखे असतात. एवढं सगळं झाल्यावर कधीतरी कोलोनोस्कोपी होते आणि खरं नाव कळतं. समजा रक्त पडायला लागलं 2015 मध्ये आणि निदान झालं 2019 मध्ये. निदानापासून मोजलं तर पहिली तपासणी 2027 ला येते, लक्षणांपासून मोजलं तर ती 2023 लाच व्हायला हवी होती.

तेव्हा आज एक वही घ्या. आईला, नवऱ्याला, बायकोला विचारा: मला हे कधीपासून होतंय? आव पडणं, रात्री उठून जावं लागणं, वजन उतरणं, रक्त. कुणाच्या तरी लग्नाच्या वेळी होतं का, दहावीच्या परीक्षेच्या वेळी होतं का, अशा खुणांवरून साल नक्की सापडतं. ते फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.

दुसरं काम: आजार आतड्यात कुठवर आहे ते शोधा

जुने स्कोपचे रिपोर्ट काढा. सूज फक्त गुदाशयापुरती असेल, म्हणजे रिपोर्टात प्रॉक्टायटिस लिहिलं असेल, तर कॅन्सरचा धोका साधारण इतरांइतकाच असतो आणि अशा नियमित स्कोपची गरज नसते. डाव्या बाजूपर्यंत असेल तर धोका वाढतो. सगळ्या मोठ्या आतड्यात पसरलेला, म्हणजे पॅनकोलायटिस असेल, तर सर्वांत जास्त.

आजार आजवर कधीही जास्तीत जास्त जिथवर पोचला होता, ती हद्द धरायची. आज डावीकडेच दिसतोय पण दहा वर्षांपूर्वी पूर्ण आतड्यात होता, तर तो पूर्ण आतड्याचाच समजायचा. उलट, सुरुवातीला छोटा असलेला आजार पुढे पसरूही शकतो. म्हणून 8 वर्षांनंतरच्या पहिल्या स्कोपमध्ये डॉक्टर ही हद्द पुन्हा तपासतात.

क्रोन्समध्ये मोठ्या आतड्याचा बऱ्यापैकी भाग धरलेला असेल तर हेच नियम लागू होतात. आजार फक्त लहान आतड्यात असेल तर मोठ्या आतड्यासाठी वेगळं वेळापत्रक लागत नाही. मात्र गुदद्वाराजवळ जुना भगंदर असेल आणि अचानक जास्त दुखायला लागलं, स्राव बदलला, गाठ लागली, तर भूल देऊन तपासणी आणि तिथला तुकडा काढून घेणं याबद्दल विचारा. फार जुन्या भगंदरात क्वचित कॅन्सर होतो आणि तो नेहमीच्याच त्रासात झाकून जातो.

तिसरं काम: दर किती वर्षांनी, हे ठरवून घ्या

युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना धोक्यानुसार तीन गट करतात. तुमचे डॉक्टर थोडा फरक करतील, पण चर्चा सुरू करायला हे पुरतं.

दरवर्षी: गेल्या 5 वर्षांत डिस्प्लेशिया किंवा आतडं अरुंद झाल्याचं आढळलं असेल, आजार पसरलेला असून सूज मध्यम ते तीव्र असेल, आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, किंवा पीएससी (पित्तनलिकांचा आजार, खाली सांगितलाय) असेल.

दर 2 ते 3 वर्षांनी: आजार पसरलेला पण सूज सौम्य; जुन्या सुजेमुळे आतड्यात खोटे पॉलिप (अस्तरावरचे उंचवटे) उरलेले; किंवा जवळच्या नातेवाइकाला पन्नाशीनंतर कॅन्सर झालेला.

दर 5 वर्षांनी: वरचं काहीच नाही आणि सूज पूर्ण शमलेली.

पीएससीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण तो सहज निसटतो. यात यकृतातल्या पित्तनलिकांना सूज येऊन त्या अरुंद होतात. अंगाला खाज, कावीळ, किंवा नुसताच लिव्हरच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं. निदान बहुधा एमआरसीपी या स्कॅनवर होतं. या रुग्णांना कोलायटिसचा त्रास अनेकदा अगदी थोडा असतो, पण आतड्याच्या कॅन्सरचा धोका मोठा. म्हणून त्यांनी 8 वर्षं थांबायचं नाही. पीएससी कळला त्याच वर्षी स्कोप, आणि मग दरवर्षी. पित्ताशय आणि पित्तनलिकांसाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय वेगळी.

चौथं काम: स्कोप ठरवताना हे विचारा

आजार उसळलेला असताना केलेली स्कोप पाळतीसाठी कमी उपयोगी. सुजलेल्या अस्तरातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बिघडल्यासारख्याच दिसतात आणि पॅथॉलॉजिस्टलाही नक्की सांगता येत नाही. शक्य असेल तर आधी औषधाने सूज शमवून मग तारीख घ्यावी. आतड्यात सूज आहे का हे सांगणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी इथे मदतीला येते. पण सूज शमतच नाही म्हणून वर्षानुवर्षं पुढे ढकलत राहणंही चुकीचंच.

दुसरा प्रश्न रंगाचा. कोलायटिस नसलेल्यांत आतड्याच्या कॅन्सरची सुरुवात सहसा उठून दिसणाऱ्या पॉलिपमधून होते. कोलायटिसमध्ये मात्र बिघडलेला भाग पुष्कळदा सपाट असतो, आजूबाजूच्या अस्तरात मिसळून गेलेला. म्हणून इंडिगो कार्मिन किंवा मिथिलीन ब्लू हा निळा रंग दुर्बिणीतून अस्तरावर फवारतात. बारीक खाचांमध्ये रंग उतरतो, कडा उमटतात, आणि साध्या उजेडात नुसती गुलाबी दिसणारी जागा वेगळी कळून येते. मग संशयाच्या ठिकाणाहूनच तुकडे घेता येतात. रंगाची सोय नसेल तर चांगल्या हाय डेफिनिशन स्कोपवर काही खास प्रकाशाच्या सोयीही असतात. जुनी पद्धत म्हणजे दर 10 सेंटीमीटरवर चारही बाजूंनी तुकडे, एकूण तीसहून जास्त. तुकडे घेताना दुखत नाही, अस्तराला तशी वेदना जाणवत नाही.

भेटीत सरळ विचारा: डॉक्टर, ही सर्व्हेलन्स, म्हणजे पाळतीची, स्कोप आहे ना? रंग वापरणार का? वेगवेगळ्या भागांतले तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवणार का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी तपासणी, सीटी स्कॅन किंवा गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल हे या स्कोपला पर्याय नाहीत. सपाट डिस्प्लेशिया त्यांत दिसत नाही.

पाचवं काम: पोट खरंच साफ करा

इतकं सगळं जुळवून आणायचं आणि आतड्यात घाण राहिल्याने डॉक्टरांना काही दिसूच नये, याइतकं वाईट काही नाही. तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, सालं, बिया बंद. पेरू, डाळिंब, अंजीर, टोमॅटो, तीळ, खसखस काही नको. मऊ भात, गाळलेलं वरण, सोललेला बटाटा चालतो. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं. रक्त पातळ करणारी औषधं आणि मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिन यांचं मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, पेजेवरची निवळ, बिनदुधाचा चहा. दूध-ताक नको. आणि कोकम सरबत, सोलकढी नकोच. त्यांचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. कोकण-गोव्याकडच्या घरांत पोटाला बरं म्हणून तेच पुढे केलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

जुलाबाचं औषध पेगची (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची) पावडर असलेलं बरं. सोडियम फॉस्फेटवालं औषध या रुग्णांना शक्यतो देत नाहीत, त्याने आतड्यात बारीक व्रण उठतात आणि ते आजाराचेच वाटतात. पेग दोन भागांत घ्यायचं, अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं सकाळी स्कोपच्या चार ते सहा तास आधी. गार करून, दर 10-15 मिनिटांनी एक ग्लास. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करा, सोडून देऊ नका. शेवटी लघवीसारखं पिवळसर स्वच्छ पाणी पडलं म्हणजे तयारी झाली. गढूळ पडत असेल तर गेल्या गेल्या तिथल्या सिस्टरना सांगा. गुंगीचं इंजेक्शन देतात, त्यामुळे परत न्यायला कुणीतरी हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

सहावं काम: रिपोर्ट स्वतः वाचा

स्कोपच्या रिपोर्टात दोन गोष्टी बघा. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोचली का? आणि आतडं किती साफ होतं हे सांगणारा बोस्टन स्कोर किती? तो 9 पैकी असतो. एकूण 6 किंवा जास्त आणि तिन्ही भागांना किमान 2-2 हवेत. यापेक्षा कमी असेल तर ती तपासणी पूर्ण झाली असं धरून पाच वर्षं निवांत राहू नका, लवकर पुन्हा करायची का ते विचारा.

बायोप्सीत, म्हणजे तुकड्यांच्या रिपोर्टात, 'निगेटिव्ह फॉर डिस्प्लेशिया' (डिस्प्लेशिया नाही) असेल तर पुढची तारीख लिहा आणि सुटा. 'इनडेफिनिट' म्हणजे नक्की सांगता येत नाही. बहुधा सुजेमुळे असं होतं, औषध वाढवून काही महिन्यांत पुन्हा बघतात. 'लो ग्रेड' (कमी बिघडलेला) किंवा 'हाय ग्रेड' (जास्त बिघडलेला) डिस्प्लेशिया असेल तर घाबरून त्याच आठवड्यात कुठलाही निर्णय घेऊ नका. आधी पोटाच्या आजारांचा अनुभव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून खात्री करून घ्या. त्यासाठी लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्यावे लागतात, तो तुमचा हक्क आहे. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचे ब्लॉक पुन्हा तपासून मिळतात.

डोळ्यांना दिसणारा, कडा स्पष्ट असलेला डिस्प्लेशिया दुर्बिणीतून पूर्ण निघाला तर आतडं काढावं लागत नाही. काही महिन्यांत परत स्कोप करून जागा तपासतात. जो दिसत नाही पण तुकड्यात सापडतो, तो अनुभवी हातांनी रंग टाकून पुन्हा शोधावा लागतो. अनेक ठिकाणी असेल, किंवा काढता येत नसेल, तर आतडं काढण्याच्या ऑपरेशनचा विषय निघतो. त्या चर्चेला एकट्याने जाऊ नका.

आतड्याबाहेरची काळजी

अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्यांत लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आणि काही त्वचेच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. हा धोका मुळात लहान असतो, आणि सूज आटोक्यात राहणं हेच आतड्याच्या कॅन्सरपासून मोठं संरक्षण आहे. म्हणून हे वाचून गोळी परस्पर बंद करू नका. उन्हात अंग झाका, न भरणारा व्रण किंवा वाढणारा तीळ दाखवा, कुठे गाठ लागली, विनाकारण ताप राहिला तर सांगा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या बायकांनी गर्भाशयमुखाची पॅप किंवा एचपीव्ही तपासणी नियमित करावी, आणि मुलींच्या एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

तारीख लांब असली तरी नव्याने रक्त पडणं, वजन घटणं, हिमोग्लोबिन उतरणं, पोट फुगून शौच अडकणं, यासाठी थांबू नये.

ऑपरेशन झालेल्यांनी

मोठं आतडं काढलं म्हणजे विषय संपला असं पुष्कळांना वाटतं. पण काही ऑपरेशनांत गुदाशय आतच ठेवलेला असतो आणि शौच पोटावरच्या पिशवीतून जातं, त्यामुळे तो आहे हेच विसरायला होतं. त्याचीही स्कोप करावी लागते. लहान आतड्यापासून बनवलेली पिशवी (पाउच) आतून जोडलेल्यांतही खाली जुन्या अस्तराची छोटी पट्टी उरते. आधी डिस्प्लेशिया किंवा कॅन्सर झाला असेल, किंवा पीएससी असेल, तर तिची दरवर्षी तपासणी लागते. ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावर गुदाशय ठेवला की काढला हे लिहिलेलं असतं. ते कार्ड शोधा, त्याची झेरॉक्स फाइलला लावा आणि पुढच्या भेटीत विचारा: माझी खालची तपासणी शेवटची कधी झाली?