बाटलीवर वाढणाऱ्या वासराची हगवण : आधी पाणी आणि क्षार, मग औषध

बाटलीने दूध पिणारे वासरू पातळ हगू लागले की बहुतेक पाळणाऱ्यांचे लक्ष आधी शेणाचा रंग आणि मग औषधाची गोळी यांकडे जाते. परंतु हगवण लागलेली कोवळी वासरे बहुधा थेट जंतूंमुळे नव्हे, तर शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे आणि रक्तातील आम्लता वाढल्यामुळे दगावतात. म्हणून कारण शोधण्याआधी, आणि पुष्कळदा पशुवैद्य येईपर्यंतही, पाळणाऱ्याने पाणी व क्षार भरून काढण्याचे काम सुरू केलेले असले पाहिजे.

वासराच्या अंगातले पाणी किती कमी झाले आहे, हे चार गोष्टींवरून बऱ्यापैकी कळते. मानेवरची कातडी चिमटीत धरून पीळ द्यावा आणि सोडावी. निरोगी वासरात ती दोन सेकंदांच्या आत पूर्ववत होते, तिला त्याहून जास्त वेळ लागत असेल तर पाणी कमी झाले आहे, आणि सहा सेकंदांनंतरही घडी तशीच राहिली तर स्थिती गंभीर आहे. डोळा खोबणीत खोल गेला आहे का आणि हिरड्या कोरड्या किंवा गार लागतात का, हेही पाहावे. शेवटी स्वच्छ बोट तोंडात घालून वासरू ते चोखते का, हे तपासावे. माझ्या मते ही शेवटची तपासणी सर्वांत उपयोगी आहे, कारण जे वासरू जोराने चोखते त्याला तोंडावाटे द्रव देऊन बहुधा सावरता येते. उलट जे चोखत नाही, उभे राहू शकत नाही किंवा ज्याचे तोंड आणि पाय गार पडले आहेत, त्याला शिरेतून सलाईन लागते आणि ते काम पशुवैद्याचे आहे, त्यात तासांचाही उशीर परवडत नाही.

तोंडावाटे द्यायचे द्रव म्हणजे वासरांसाठी तयार मिळणारी इलेक्ट्रोलाइटची (क्षारांची) पावडर. ती पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात कालवावी. तिच्यात सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज आणि आम्लता कमी करणारा एखादा घटक (बायकार्बोनेट, अ‍ॅसिटेट किंवा तत्सम) असायला हवा. माणसांच्या जुलाबांसाठी घरोघरी केले जाणारे साखर-मिठाचे पाणी वासराला देण्याचा मोह टाळावा, कारण वासराच्या आतड्यात साधी साखर पचवणारा पाचकरस नसतो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि हगवण वाढवते. ग्लुकोजची गोष्ट वेगळी, ते सरळ शोषले जाते आणि आपल्याबरोबर सोडियम व पाणीही आत नेते.

किती द्यायचे, याचा साधा हिशेब असा. चाळीस किलोच्या वासराचे वजनाच्या आठ टक्के पाणी गेले असेल, तर तूट सुमारे ३.२ लिटर होते, आणि हगवण चालू असल्याने रोज नवी तूट पडत राहते. त्यामुळे असे वासरू चोखत असेल तर त्याला दर खेपेला दोन लिटर, याप्रमाणे दिवसातून दोन ते तीन वेळा इलेक्ट्रोलाइटचे पाणी द्यावे. हे पाणी कोमट म्हणजे ३८ ते ४० अंश सेल्सिअस असावे. ते दुधात मिसळू नये. दूध पाजल्यानंतर दोन ते चार तासांनी वेगळे पाजावे, कारण बायकार्बोनेट असलेल्या पावडरीमुळे चौथ्या जठरात दुधाचे दही जमणे बिघडते.

आता दुधाविषयी. हगवण लागली की दूध तोडण्याची जुनी सवय आहे आणि ती माझ्या दृष्टीने सर्वांत घातक आहे, कारण इलेक्ट्रोलाइटच्या पाण्यात वासराला जगवण्याइतकी ऊर्जा नसते, उपाशी वासरू झपाट्याने अशक्त होते आणि आतड्याची झीजही लवकर भरत नाही. दूध नेहमीचे आणि पूर्ण ताकदीचे असावे, त्यात पाणी घालून पातळ करू नये; वासरू एका वेळी कमी पीत असेल तर थोडे थोडे करून दिवसातून अधिक वेळा पाजावे. एखाद्या खेपेला वासराने दूध नाकारले, तर पुढच्या खेपेला पुन्हा द्यावे.

औषधाचा विचार करताना वासराचे वय फार काही सांगते. पहिल्या चार-पाच दिवसांत लागलेली पाण्यासारखी हगवण बहुधा ई. कोलाय या जिवाणूमुळे असते. पाच दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी यांची शक्यता अधिक. तीन आठवड्यांनंतर रक्तमिश्रित शेण दिसल्यास कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचा संशय घ्यावा. विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम यांवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, म्हणून प्रत्येक हगवणीला प्रतिजैविक टोचण्यात अर्थ नाही. मात्र ताप ३९.५ अंशांवर गेला, शेणात रक्त दिसू लागले किंवा वासरू मलूल झाले, तर त्या वेळी प्रतिजैविकाची गरज पशुवैद्यच ठरवतील. गुदद्वारात थर्मामीटर लावून मोजलेले तापमान ३८ अंशांखाली गेले, तर तेही तापाइतकेच गंभीर समजावे आणि वासराला कोरड्या, जाड अंथरुणावर ठेवून गरम करावे. जुलाब थांबवणारी माणसांची औषधे देऊ नयेत.

बाटलीच्या वासरांत एक वेगळा त्रासही दिसतो, तो म्हणजे पोट फुगणे आणि मातीसारखे चिकट, करडे शेण. चोखताना अन्ननलिकेच्या शेवटी असलेल्या पन्हाळीच्या कडा मिटून तिची नळी बनते आणि दूध थेट चौथ्या जठरात जायला हवे. बाटलीचे निपल फार मोठ्या भोकाचे असेल, दूध गार असेल किंवा डोके खाली झुकवून पाजले जात असेल, तर ते कोठीपोटात (पहिल्या, मोठ्या जठरात) सांडते आणि तिथे आंबते. म्हणून वासरू उभे असताना, मान किंचित पुढे ताणलेली ठेवून, गाईच्या सडाच्या उंचीवर बाटली धरावी आणि भोक एवढेच असावे की बाटली उलटी केल्यावर थेंब थेंब पडावेत, धार लागू नये. नळीने द्रव पाजायची वेळ आल्यास ती शिकलेल्या माणसाच्याच हाताने द्यावी, कारण चुकून फुप्फुसात गेलेले द्रव वासराचा जीव घेते. फुगलेले पोट ताठ झाले असेल किंवा वासरू पाय झाडत असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना बोलवावे.

आजारी वासराला सर्वांत शेवटी पाजावे आणि त्याची बाटली वेगळी ठेवावी. बाटल्या आधी कोमट पाण्याने विसळाव्यात, मग साबणाच्या गरम पाण्याने घासून उलट्या वाळवाव्यात, कारण सुरुवातीलाच कढत पाणी ओतल्यास दुधाची साय आत चिकटून बसते. क्रिप्टोस्पोरिडियमला साधे क्लोरीन फारसे मारत नाही, उष्णता आणि कोरडेपणा मात्र त्याला सहन होत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम आणि हगवण लावणारा साल्मोनेला हा जिवाणू, हे दोन्ही माणसालाही लागतात, म्हणून वासराजवळून आल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि लहान मुलांना बरी झालेली वासरे पाजायलाही काही दिवस पाठवू नये.